कराचीच्या अलीकडे शेखाडी लागतं

श्री. आदित्य धर यांस,



तुमच्या ‘धुरंधर’ या चित्रपटाचा दुसरा भाग गुढीपाडव्याला, १९ मार्च २०२६ रोजी येणार असं तुम्ही जाहीर केलंय. पहिला भाग ५ डिसेंबर २०२५ ला आला, जगभरच्या गल्ल्यात हजार कोटींच्या पुढे गेला आणि त्यावर बोलणाऱ्यांचे दोन तट पडले. एका तटाच्या मते हा चित्रपट न आवडणं म्हणजे देशाशी बेइमानी. दुसऱ्याच्या मते तो आवडणं म्हणजे डोकं गहाण टाकणं. दोन्हीकडचे लोक घसा ताणून बोलतात, त्यामुळे तुमच्या कानावर तेवढेच दोन आवाज आले असतील.

पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातल्या दोन गावांत मला मात्र जास्त करून तिसराच सूर ऐकू आला. मी पेणला राहते आणि नोकरीसाठी रोह्याला जाते. दिवा-रोहा मेमूच्या डब्यात, गणपतीच्या कारखान्यांत, धाटाव एमआयडीसीतली पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर लोक तुमच्या चित्रपटाबद्दल बोलत होते. एकच माणूस एका दमात त्याची तारीफ करायचा आणि दुसऱ्या दमात त्याला नावं ठेवायचा. वर्तमानपत्रं अशा मतांना ‘संमिश्र प्रतिसाद’ म्हणून एका ओळीत उरकतात. त्या ओळीत काय काय भरलंय ते तुम्हाला कळवावं, म्हणून हे पत्र. दुसरा भाग पाहायलाही हीच माणसं येणार आहेत.

आधी गोड बोलते.

पेण तालुक्यातली हमरापूर, जोहे ही गावं वर्षभर गणपती घडवतात. तिथे साच्यातून मूर्ती काढणारे हात पुष्कळ आहेत, रंग मारणारेही पुष्कळ. पण डोळ्यांची आखणी करणाऱ्याला वेगळा मान असतो. अशाच एका आखणीकाराचं मत ऐका: “त्या रेहमान डकैतचं अंग हलतच नाही हो. सगळं काम डोळ्यांचं. आखणी जमलीय.” रेहमान डकैत झालेल्या अक्षय खन्ना यांना याहून मोठी दाद पेणमध्ये मिळत नाही.

२०२५ च्याच फेब्रुवारीत हेच अक्षय खन्ना ‘छावा’त औरंगजेब झाले होते आणि इथल्या प्रेक्षकांनी त्यांना पोटभर शिव्या घातल्या होत्या. डिसेंबरात त्यांच्याच नाचाची नक्कल आमच्याकडच्या हळदींत सुरू झाली. ज्या ‘फासला’वर तो नाच आहे, ते गाणं बहारीनच्या फ्लिपराची या रॅपरचं. आणि बहारीनसह आखातातल्या सहा देशांत तुमचा चित्रपट लागलाच नाही! रोह्यापासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंतच्या कोकणी मुसलमान घरांतलं कुणी ना कुणी आखातात कामाला आहे. त्यांना गाणं मिळालं, चित्रपट नाही मिळाला. तो इथल्या भावंडांनी त्यांना फोनवर सांगितला, आपापल्या मताची फोडणी घालून.

रणवीर सिंग यांनी स्वतःला इतकं आवरून काम केलेलं पाहून तर त्यांचे चाहतेही चकित झाले. ‘टायगर’, ‘पठाण’, ‘वॉर’ या चित्रपटांतले हेर आल्या आल्या हाणामारी करतात. तुमचा हेर हमजा कराचीत सरबताच्या दुकानात राबतो, शिव्या खातो, लोकांची बोलणी ऐकून घेतो, वाट पाहतो. हेरगिरीत वाट पाहण्याचं काम किती असतं, हे हिंदी पडद्यावर इतक्या निवांतपणे क्वचितच आलंय. राकेश बेदींचा जमील जमाली तर आमच्या लोकांना फारच ओळखीचा वाटला. असा गोड बोलून खिसा कापणारा पुढारी आपण कधी पाहिला नाही, असं ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत कुणीही म्हणणार नाही.

आता किरकोळ तक्रारी, पटापट. चित्रपट २१४ मिनिटांचा. धाटावला पाळीत काम करणाऱ्याला आठवड्याची एक सुट्टी मिळते. पनवेलला मल्टिप्लेक्सात जाणं, येणं आणि मधले साडेतीन तास यांत ती संपते. अशाच एकाने सांगितलं, “पैसे वसूल झाले, पण मध्ये डुलकी काढली तरी काही चुकलं नाही.” बायकांची तक्रार अशी की एवढ्या लांबलचक गोष्टीत बाईला करण्यासारखं काम काय, तर नायकावर प्रेम करणं. रक्त गरजेपेक्षा जास्त, याबद्दल तर दुमत नव्हतंच. प्रमाणपत्र ‘ए’ असल्यामुळे मुलांना चित्रपटगृहात मज्जाव होता. पण तिसरी-चौथीतल्या पोरांना रेहमान डकैतचे हातवारे पाठ झालेत, ते मोबाइलवरच्या रील्समुळे. यात सगळा दोष तुमचा नाही, थोडा घरातल्या मोठ्यांचाही आहे. तरी जाहिरातीचे तुकडे कापताना एवढा विचार करायला हरकत नव्हती.

खरं खटकलेलं आता सांगते.

चित्रपटात एका क्षणी पडदा लाल होतो, त्यावर अक्षरं उमटतात आणि २६/११ च्या रात्री सीमेपलीकडून हल्लेखोरांना सूचना देणाऱ्यांचे खरे आवाज ऐकू येतात. त्याआधी तुम्ही १९९९ चं कंदाहार अपहरण दाखवलेलं असतं, २००१ चा संसदेवरचा हल्ला दाखवलेला असतो. हे सगळं घडलेलं. त्यात मेलेली माणसं खरी, त्यांची घरं खरी. ते आवाज ऐकताना अंगावर काटा येतो, आणि नेमका त्यानंतर आम्हाला प्रश्न पडतो. खऱ्या आवाजाने आमच्या मनाचं दार उघडलं, आणि त्याच उघड्या दारातून तुमच्या लेखणीने रचलेली पात्रं आणि कारस्थानंही आत आली. कुठलं घडलेलं आणि कुठलं रचलेलं, हे ओळखायचं कसं?

दिवंगत मेजर मोहित शर्मा यांच्या कुटुंबाने प्रदर्शनापूर्वी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा हा चित्रपट त्यांच्या आयुष्यावर नाही असं तुम्ही जाहीरपणे सांगितलंत. सेन्सॉर मंडळानेही ही कल्पित कथा असल्याचं मानलं. जाहिरातीत मात्र सत्य घटनांपासून घेतलेल्या प्रेरणेचा डंका होता. मेमूच्या डब्यात एकाने हे फार नेमकं मांडलं: “तिकीट विकताना खरं, जाब विचारला की खोटं.” त्याने चित्रपट आवडीने पाहिला होता, हेही सांगते.

कल्पित लिहिण्याचा तुमचा हक्क कुणी नाकारत नाही. मेघना गुलजार यांचा ‘राझी’ २०१८ मध्ये आला, तोही कादंबरीवरच बेतलेला. पण तिथे हेर मुलगी ज्या पाकिस्तानी घरात सून म्हणून जाते, त्या घरातली माणसं माणसं होती. त्यामुळे तिने केलेल्या घाताचं ओझं प्रेक्षकांनाही उचलावं लागलं. तुमच्या चित्रपटातल्या कराचीच्या ल्यारीत मारणारे आणि मरणारे यांच्यापलीकडे कुणी राहतच नाही.

आणि ल्यारी म्हणजे आम्हाला परग्रह नाही. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ ला वेगळा झाला, तोवर कराची आणि आमचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आताचा रायगड, एकाच मुंबई इलाख्यात होते. कोकणातून पोटापाण्यासाठी माणसं कराचीला जात. कोकणी मुसलमानांची वस्ती तिथे आजही आहे. ल्यारी ही त्या शहराची जुनी वस्ती, तिथलं फुटबॉलवेड आणि मुष्टियोद्धे प्रसिद्ध आहेत. टोळ्यांनी त्या वस्तीचं वाटोळं केलं हेही खरं. रेहमान डकैत २००९ मध्ये चकमकीत मारला गेला, आणि त्याला मारणारे पोलीस अधिकारी चौधरी अस्लम २०१४ मध्ये बॉम्बस्फोटात. पण थायलंडमध्ये सेट लावून तुम्ही जी ल्यारी उभी केलीत, तिच्यात टोळ्या दिसल्या, वस्ती दिसली नाही.

रोह्यातले एक शिक्षक, धर्माने मुसलमान, यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते: “मारामारी मला फार आवडली. पण मध्यंतरात मागच्या रांगेतून घोषणा सुरू झाल्या. मी सिनेमा बघायला आलोय की हजेरी द्यायला, तेच कळेना.” त्या घोषणा तुम्ही लिहिलेल्या नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण चित्रपट दिवे लागल्यावर संपत नाही, याचा अनुभव महाराष्ट्राने ‘छावा’नंतर घेतला. १७ मार्च २०२५ ला नागपुरात दंगल उसळली आणि ‘छावा’मुळे औरंगजेबाबद्दलचा लोकांचा राग पुन्हा भडकल्याचं खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं. राग उत्पन्न करणं दिग्दर्शकाला जमतं. तो कुणावर निघेल, हे त्याच्या हातात राहत नाही.

पण हे सगळं तुम्ही दिल्ली-मुंबईच्या समीक्षकांकडून ऐकलं असेल. आमच्या जिल्ह्याचं म्हणून जे म्हणणं आहे, ते निराळं आहे.

धरसाहेब, तुमच्या चित्रपटात संकट कराचीत शिजतं, आणि आपला माणूस तिथे जाऊन ते मोडतो. आमच्या जिल्ह्याने संकट आपल्या वाळूवर उतरताना पाहिलंय. श्रीवर्धन तालुक्यातलं शेखाडी हे समुद्रकाठचं गाव. फेब्रुवारी १९९३ मध्ये त्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. त्याआधी जानेवारीत दिघीला शस्त्रांची खेप उतरली होती. दिघीच्या मालाच्या गाड्या रात्री गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या. अडवल्या, आणि लाच ठरवून सोडल्या. हातात रोकड पुरेशी नव्हती म्हणून बाकी रकमेपोटी चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या. हे मी कुठल्या पटकथेतून सांगत नाहीये, ते खटल्यात सिद्ध झालंय.

त्या पट्ट्यातून मुंबईला जायचं तर मुंबई-गोवा महामार्गाला लागावं लागतं, आणि तो महामार्ग कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण असा आमच्या दारावरून जातो. १२ मार्च १९९३ ला, शुक्रवारी दुपारी, मुंबईत एकामागून एक स्फोट झाले. २५७ माणसं गेली. टाडा न्यायालयात सीमाशुल्क खात्याचे वरिष्ठ अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ च्या निकालात या खात्यांच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले.

म्हणून म्हणते, कराचीच्या अलीकडे शेखाडी लागतं. कट तिकडे शिजला, पैसा आणि शस्त्रं तिकडून आली, यात वाद नाही. पण ती आत आली ती फाट्यावर हात पसरणाऱ्या आपल्याच माणसांमुळे. कराचीत वीस वर्षं मुरलेला हेर जी खबर जीव धोक्यात घालून पाठवतो, ती खबर इथे फाट्यावर चांदीच्या विटेखाली दबून राहिली, तर त्या हेराने करायचं काय?

तुम्ही नकली नोटांच्या कथानकात आपल्याकडच्या सत्ताधाऱ्याचा हात दाखवलात, ही जमेची बाजू मी विसरत नाही. ज्या रोह्याला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख आपले वाटतात, तिथल्या प्रेक्षकांना नोटेची अब्रू कळते. पण तो हात मंत्र्याचा होता. मंत्री भ्रष्ट दाखवणं सोपं असतं, कारण प्रेक्षक आधीपासून मान डोलवायला तयारच बसलेला असतो. फाट्यावरचा शिपाई, जेट्टीवरचा कारकून, ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून दार लावून घेणारा गावकरी, यांना दाखवणं अवघड. ही माणसं पडद्यावर आली की प्रेक्षागृहात प्रत्येकाला आपल्या घरातलं कुणीतरी दिसतं. तिथे शिट्ट्या वाजत नाहीत.

वर्दीचा आदर आम्हाला कुणी शिकवायला नको. रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघते तेव्हा पोलीस देवाला सशस्त्र सलामी देतात आणि अख्खं गाव ती पाहायला लोटतं. त्याच जिल्ह्यातल्या वर्दीने गोंडघर फाट्यावर गाड्या सोडल्या. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्ही मनात बाळगून आम्ही राहतो. असं मन असलेला प्रेक्षक तुमच्या चित्रपटाबद्दल एकसुरी बोलेल कसा?

एक गोष्ट लिहावी की नको असा विचार केला. पण मेमूत ती इतक्यांनी बोलून दाखवली की टाळणं बरं दिसणार नाही. तुमच्या चित्रपटात दहशतीचा कर्दनकाळ असलेल्या चौधरी अस्लम यांची भूमिका संजय दत्त यांनी केलीय. याच १९९३ च्या खटल्यात ते शस्त्र कायद्याखाली दोषी ठरले. कटाच्या आरोपातून टाडा न्यायालयाने त्यांना मुक्त केलं, शिक्षा भोगून ते २०१६ च्या फेब्रुवारीत येरवड्यातून सुटले. कायद्याचं देणं फिटलं, त्यांनी अभिनय करायलाच हवा. पण पडद्यावर ते गुन्हेगारांवर गुरगुरतात तेव्हा शेखाडीच्या जिल्ह्यातला प्रेक्षक जरा वेगळ्या कारणाने हसतो. ते हसू तुमच्या हिशेबात नसावं, म्हणून कळवलं.

हा विषय चित्रपटात येऊच शकत नाही असंही नाही. एस. हुसेन झैदी यांच्या पुस्तकावरून अनुराग कश्यप यांनी ‘ब्लॅक फ्रायडे’ काढला. खटल्याचा निकाल लागायचा होता म्हणून न्यायालयाने तो अडवला आणि बनून तयार असलेला चित्रपट ९ फेब्रुवारी २००७ ला प्रेक्षकांपर्यंत पोचला. त्याने हजार कोटी कमावले नाहीत. पण घडलेलं सांगताना नावं, ठिकाणं, माणसं समोर ठेवायची हिंमत त्यात होती, आणि कुठल्याच बाजूला टाळ्या मिळतील अशी सोय त्यात नव्हती.

आता समीक्षकांबद्दल. पहिला भाग आल्यावर ज्यांनी प्रतिकूल लिहिलं, त्यांच्यावर समाजमाध्यमांत असा हल्ला झाला की समीक्षकांच्या संघटनेला, फिल्म क्रिटिक्स गिल्डला, निषेधाचं पत्रक काढावं लागलं. हृतिक रोशन यांनी चित्रपटाची भरभरून स्तुती केली आणि त्याच्या राजकारणाशी आपला मतभेद असू शकतो, चित्रपटकारांच्या जबाबदारीबद्दल वाद घालता येईल, असंही लिहिलं. चित्रपटाचे विद्यार्थी म्हणून आपल्याला त्यातून शिकायला मिळालं, हेही त्यांनी कबूल केलं. आमच्या आखणीकाराचं, पाळीतल्या कामगाराचं आणि रोह्याच्या शिक्षकांचं म्हणणं याहून वेगळं काय आहे? तरी हृतिक यांनाही बोलणी खावी लागली. इतक्या मोठ्या नटाला जिथे ‘आवडला, पण’ म्हणायची मोकळीक नाही, तिथे तालुक्याच्या गावातल्या पोराने कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते कसं म्हणावं? तो म्हणत नाही. तो टाळ्यांचं चिन्ह टाकतो आणि खरं मत मेमूत मित्राला सांगतो.

आणि संशय घेणं हे देशप्रेमाच्या आड येतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमचा किनारा पाहावा. तुमचा ‘उरी’ ज्या हल्ल्यावर आहे तो १८ सप्टेंबर २०१६ चा. त्यानंतर चारच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, आमच्याच जिल्ह्यातल्या उरणमध्ये शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यांतली बंदूकधारी माणसं पाहिल्याचं सांगितलं. पोलीस, नौदल, कमांडो सगळे धावले, कसून शोध झाला. कुणी सापडलं नाही. १८ ऑगस्ट २०२२ ला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ निघाल्या. जिल्हाभर नाकाबंदी झाली. बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती. इंजिन बंद पडल्यावर तिच्यावरच्या माणसांना वाचवण्यात आलं होतं आणि रिकामी बोट वाहत आमच्याकडे आली होती, असं त्याच दिवशी सरकारने सांगितलं. जुलै २०२५ मध्ये कोर्लईजवळ संशयास्पद बोट दिसल्याच्या खबरीवरून रेवदंड्याच्या परिसरात पोलीस, तटरक्षक दल आणि नौदलाने मोठी शोधमोहीम राबवली. रेवदंडा म्हणजे रोह्याच्या कुंडलिका नदीचं मुख, म्हणजे तेही घरचंच.

या प्रत्येक वेळी कुणीतरी काहीतरी पाहिलं आणि सांगितलं, आणि यंत्रणेने ते ना झिडकारलं, ना डोळे मिटून मानलं. तपासलं. सुरक्षेचं रोजचं काम हेच असतं. हेराचंही तेच: कानावर आलेलं सगळं खरं मानणारा हेर पहिल्या आठवड्यातच मरेल. मग हेराच्या चित्रपटाला आलेल्या प्रेक्षकाने तरी दाखवलेलं सगळं खरं का मानावं? अर्धं मान्य करणारा, अर्धं तपासायला मागणारा प्रेक्षक तुमच्या नायकाच्याच वाटेने चाललाय.

आमच्या भागात हेरगिरीची जुनी शिकवण आहे. ‘उरी’ २०१९ च्या जानेवारीत आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फत्तेशिकस्त’ने लाल महालाचा छापा सर्जिकल स्ट्राइक म्हणून पेश केला. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक तेव्हापासून पोरांच्या तोंडी आहेत. पण आमच्या जिल्ह्यातली खबरीच्या जोरावर जिंकलेली लढाई म्हणजे खोपोलीजवळची उंबरखिंड, फेब्रुवारी १६६१. कारतलबखान कुठल्या वाटेने कोकणात उतरतोय याची पक्की खबर महाराजांना होती. मोगलांची फौज अरुंद खिंडीत पुरती अडकली. खान शरण आला, आणि खंडणी व सामानसुमान घेऊन त्याला आणि त्याच्या माणसांना जिवंत जाऊ दिलं गेलं. सगळी फौज कापून काढणं हातात असताना तिथेच थांबणं, हा त्या मोहिमेचा भाग होता. तुमच्या चित्रपटात खबर मिळते ती पुढच्या कत्तलीसाठी. ती वापरून कत्तल टाळताही येते, हा विचार दुसऱ्या भागात कुठेतरी यावा असं वाटतं.

तर मागण्या तीन.

पहिली. दुसऱ्या भागाच्या शेवटी, नामावलीच्या आधी, साध्या भाषेत आणि वाचता येतील अशा अक्षरांत लिहा: हे घडलं, हे रचलं. सुरुवातीला भरधाव पळणारी वकिली पाटी नको. ज्यांचे खरे मृत्यू तुम्ही वापरलेत, त्यांचं एवढं देणं लागतंच. याने तुमचा एक रुपया कमी होणार नाही.

दुसरी. चित्रपट येण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या चाहत्यांना तुम्ही स्वतः सांगा की ज्याला चित्रपट आवडणार नाही, त्याच्या मागे लागू नका. समीक्षकांनी सांगून ते ऐकणार नाहीत, मी सांगून तर नाहीच. तुमचं ऐकतील. ‘उरी’तला जोशचा संवाद तुम्ही देशाच्या तोंडी दिलात, तर हे एक वाक्यही देऊ शकता.

तिसरी मागणी पुढच्या चित्रपटाची आहे. दुसरा भाग तयारच असणार. पण त्यानंतर कधीतरी शेखाडीला या. थायलंडला सेट लावावा लागणार नाही, किनारा आहे तसाच आहे आणि गोंडघरचा फाटाही आहे. फाट्यावर गाडी अडवणाऱ्या आणि मग सोडून देणाऱ्या माणसाची गोष्ट सांगा. त्या रात्री त्याच्या मनात काय चाललं होतं, त्याला गाडीत काय आहे असं वाटलं होतं, १२ मार्चच्या दुपारी रेडिओवरची बातमी ऐकून तो घरी काय बोलला असेल, हे सगळं तुम्ही रचा. तिथे तुमच्या कल्पनेला आम्ही अडवणार नाही. तुमच्याकडे गर्दी खेचण्याची ताकद आहे आणि पात्र उभं करण्याचं कसब आहे. ही गोष्ट सांगायला दोन्ही लागतं, म्हणून ती तुमच्याकडे मागतेय. तीत शत्रू कमी दिसेल आणि आम्ही जास्त दिसू. ते पाहणं आम्हाला जड जाईल, तुम्हाला गल्ल्यावर जड जाईल. तरी मागतेय.

तोवर दुसरा भाग आम्ही पाहूच. आखणीकार डोळे पाहील, पाळीतला कामगार घड्याळ पाहील, रोह्याचे शिक्षक मागची रांग पाहतील. बाहेर येऊन जे मत देऊ ते याही वेळी बहुधा अर्धं गोड, अर्धं तिखट असेल. ते तसंच्या तसं घ्या. आम्हाला एका बाजूला उभं करायला कुणी आलं, मग तो तुमचा चाहता असो की तुमचा टीकाकार, तर आम्ही त्याला तिकिटाचा तुकडा दाखवू: पैसे भरलेत, मत आमचं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पेणची एक प्रेक्षक